साळवे सिस्टरांची झोप

गेल्या महिन्यात धुळ्याहून निरोप आला. साळवे सिस्टर गेल्या. दुपारी वरणभात जेवल्या, स्वतःचं ताट स्वतः घासलं, पंख्याखाली आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी वॉर्डात उभी होते, हातात औषधांचा ट्रे. खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "झोपेतच ना? मला वाटलंच!"

नव्या सिस्टर पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. कुणी गेल्याची बातमी ऐकून बाईमाणूस असं बोलतं का? मग मी ट्रे ठेवला, स्टोअररूममध्ये गेले, कापसाच्या गठ्ठ्यावर बसले आणि तोंडाला रुमाल लावून पोटभर रडले. नंतर तोंड धुऊन बाहेर आले, कारण दोन वाजत आले होते आणि ओव्हर द्यायची होती.

मला आयुष्यात सगळ्यात जास्त धक्के कुणी दिले असं विचाराल, तर नवऱ्याचा नंबर दुसरा लागेल. पहिला साळवे सिस्टरांचा. दिसायला बाई एवढीशी. सावळी, काटक, केसांचा घट्ट अंबाडा. मनगटावर पुरुषी घड्याळ, सेकंदाचा काटा ठळक असलेलं. मूळच्या धरणगावच्या, राहायला जळगावात मेहरूणमध्ये. वॉर्डात अगदी शुद्ध बोलायच्या, पण लेकरू उचललं की धरणगाव बाहेर यायचं. "लेकरू कितलं तापेल शे, माय!" म्हणत त्या पोरांच्या कपाळावर हात ठेवायच्या आणि रडणारं पोर गप्प व्हायचं. रविवारची सकाळ चर्चची, ती त्यांनी कधी कुणाला दिली नाही. त्या बदल्यात आमच्या दिवाळ्या, पोळे, आखाजी सगळ्या त्यांनी ड्युटीवर काढल्या. नाताळात डबाभर करंज्या आणायच्या आणि "मोजून एकेक" असं दरडावून तीन-तीन द्यायच्या.

जळगावातला आमचा लहान मुलांचा दवाखाना. मी नवी लागले तेव्हा माझी पहिली ड्युटी त्यांच्या हाताखाली होती. सकाळी आठ ते दोन. त्या दिवशी काचेच्या पेटीत सव्वा किलोचं एक बाळ होतं. दर दहा मिनिटांनी त्याचा श्वास अडकायचा, सिस्टर त्याच्या तळपायाला टिचकी मारायच्या, की पुन्हा चालू. सहा तास त्या पेटीपासून हलल्या नाहीत. पाणीसुद्धा मी आणून दिलं तेव्हा प्यायल्या. बरोबर दोनला दुपारची सिस्टर आली. साळवे सिस्टरांनी तिला एकेका बेडची सगळी माहिती दिली. कुणाला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय, कशावर लक्ष ठेवायचं. यालाच आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ओव्हर दिली की पेशंट पुढच्या सिस्टरचा.

ओव्हर झाली. त्यांनी हात धुतले, बेसिनशेजारच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. मग पर्स उचलली आणि चालू लागल्या. पेटीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मी हादरलेच. म्हटलं, सिस्टर, बाळ? तर म्हणाल्या, "दिलं ना ओव्हरमध्ये. तूही घरी जा."

माझं घर असोद्याला. बसमध्ये बसल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी. घरी गेल्यावर मी वॉर्डात तीन वेळा फोन केला, तिसऱ्यांदा दुपारची सिस्टर माझ्यावर खेकसली. रात्रभर टक्क जागी. सकाळी तारवटलेले डोळे घेऊन गेले, तर बाळ पेटीत आरामात पाय झाडत होतं आणि साळवे सिस्टर माझ्याआधी वीस मिनिटं येऊन त्याचे श्वास मोजत होत्या. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं हे त्यांच्या राज्यात चालत नसे.

"झोपली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही ना सिस्टर. सारखं बाळच दिसत होतं."

"मग काय केलंस? असोद्याहून त्याच्या पायाला टिचकी मारलीस?"

मला राग आला. ही बाई बाई आहे की दगड, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं. पुढे कित्येक वर्षं अधूनमधून म्हणत राहिले, तेही सांगून टाकते.

खिडकीपाशी उभं राहणं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. ती त्यांची दुसरी ओव्हर असायची. पहिली सिस्टरला, दुसरी देवबापाला. त्यातही क्रम तोच. बेड एक, बेड दोन, ताप इतका, सलाईन इतकं. देवाला काय सलाईनचा हिशेब द्यायचा, असं मी एकदा चिडवलं. त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोघम सांगितलं की आपल्यालाच वाटत राहतं, काहीतरी राहिलं. नीट सांगितलं की झोप लागते."

पण यावरून कुणी त्यांना कामचुकार समजायचं नाही. अर्धवट काम देवाच्या गळ्यात मारणाऱ्यांवर त्यांचा फार राग. एकदा एका सिस्टरनं ताप न पाहताच मागचाच आकडा चार्टवर उतरवला. साळवे सिस्टरांनी तो कागद तिच्यासमोर धरला आणि आवाज न चढवता विचारलं, "हे पाहिलं?" ती कागद घ्यायला पुढे झाली. "न पाहता लिहायचं नाही. नाही पाहिलं तर 'पाहिलं नाही' असं लिही. त्यात लाज नाही." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलं की घरी नवऱ्यानं 'गॅस बंद केला' म्हटलं तरी मी विचारायची, पाहिलं?

आता माझी चूक सांगते. टाळून चालणार नाही.

माझी मुलगी दहावीला होती, गणिताचा पेपर होता. मी दुपारच्या ड्युटीवर, साळवे सिस्टर सकाळच्या. त्या मला ओव्हर देत होत्या आणि मी मान हलवत होते. डोक्यात मात्र भूमिती. बेड सातच्या मुलाला पेनिसिलीन चालत नाही असं त्याच्या आईनं सकाळी सांगितल्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं होतं. सिस्टरांनी हे मला सांगितलं, केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलंही होतं. मी मान हलवली. तीन वाजता ट्रेमध्ये पडलेली जुनी बाटली उचलली आणि तेच इंजेक्शन दिलं.

पाच मिनिटांत त्या पोराचं तोंड सुजून डोळे बंद झाले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते म्हणून निभावलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, पोर बिस्किट मागायला लागलं. 

सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. मला वाटलं, सिस्टर इतक्या वर्षांच्या, मला लेकीसारखं वागवतात, काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "जुनी बाटली ट्रेमधून काढून टाकायला हवी होती, ती मी काढली नाही. ती चूक माझी. पण ओव्हरमध्ये मी सांगितलं होतं. चौधरीनं मान हलवली, ऐकलं नाही. ती चूक तिची."

दोघींना मेमो मिळाला. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या तोंडावर, डॉक्टरांसमोर! खोटं बोला असं माझं म्हणणं नव्हतं, पण एवढं खरं बोलायची काय गरज होती?

पुढच्या रविवारी दुपारी दार वाजलं, तर साळवे सिस्टर. चर्चमधून थेट असोद्याची बस धरून आलेल्या, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. असोद्यात, केळीच्या बागांमध्ये, वेफर्स घेऊन येणारी माझ्या माहितीतली ती एकमेव बाई. सासूबाईंनी भरीत केलेलं होतं. सिस्टर दोनदा वाढून घेऊन जेवल्या, कढीचा वाटी-वाटीनं समाचार घेतला, आणि हात धुऊन झाल्यावर मला विचारलं, "त्या दिवशी डोक्यात काय होतं?"

"पोरीचा पेपर."

"पेपर कितीला सुटतो?"

"दोनला."

"आणि मी तुला ओव्हर किती वाजता दिली?"

लेक कोपऱ्यात बसून खुदकन हसली, तिला मी डोळे वटारले.

"लिहून झालेल्या पेपरची काळजी करत होतीस तू," त्या म्हणाल्या. "आणि समोर पोर होतं. काळजी केली की आपल्याला वाटतं, आपण काहीतरी करतोय. तू काही करत नव्हतीस चौधरी. तू तिथं नव्हतीसच."

मग पर्समधून त्यांनी खिशात मावेल एवढी डायरी काढली आणि मला तिथल्या तिथे शिकवलं. ज्याची काळजी वाटते त्याचं नाव लिहायचं. हालत काय आहे ते लिहायचं, पाहिली असेल तर. आपण काय केलं ते लिहायचं. करण्यासारखं काही उरलं असेल तर आधी उठून ते करायचं. नसेल उरलं, तर शेवटी लिहायचं, ओव्हर दिली. आणि मग पर्स उचलायची.

सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. त्यांना राहवेना. "आम्ही तं देवीवाले," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवाले आमचं चालीन का?"

सिस्टर धरणगावच्या बोलीत म्हणाल्या, "तो काय दाखला मांगस का, अक्का?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी सिस्टरांना वांगी बांधून दिली. मीही बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहिले, आणि माझा राग नेमका कुठं गेला ते मला समजलंच नाही. निघता निघता विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला झोप लागली?" त्या म्हणाल्या, "उशिरा लागली. आधी त्या पोराच्या आईची माफी मागून आले होते."

त्यांची ती डायरी मी एकदा उघडली. उघडायला नको होती, पण उघडली. त्या सुट्टीवर होत्या, डायरी टेबलावर राहिलेली, आणि मला बेड दोनचं जुनं काहीतरी हवं होतं. बारीक, सरळ अक्षर. बेड एक ते बेड दहा. आणि दहानंतर, प्रत्येक दिवसाला, बेडचा नंबर नसलेली एक ओळ.

'दानियल. पाहिलं नाही. ओव्हर दिली.'

मी पानं उलटत गेले. आदल्या दिवशी तेच, आदल्या महिन्यात तेच. कपाटात त्यांच्या जुन्या डायऱ्या रबर लावून ठेवलेल्या असत. मी सगळ्यात खालची काढली. तिच्यातही तेच. 

दुसऱ्या दिवशी मी कबूल करून टाकलं. वाटलं, आता माझी खैर नाही. त्या चहा पीत होत्या. कप खाली ठेवला आणि कुणा तिसऱ्याची केस सांगावी तसं सांगायला लागल्या.

दानियल त्यांचा मुलगा. एकुलता एक. नवरा शाळेत चित्रकलेचे मास्तर, लिव्हरचा आजार झाला, जळगावातच दुसऱ्या एका दवाखान्यात ठेवलेलं. तीन दिवस आणि तीन रात्री सिस्टर त्यांच्या उशाशी बसून होत्या. चौथ्या दिवशी दुपारी मुलगा कामावरून आला. सिस्टरांनी त्याला ओव्हर दिली. सलाईन किती, लघवी किती, ताप किती. देवालाही दिली. मेहरूणला घरी गेल्या आणि झोपल्या. चारच्या सुमारास मास्तर गेले. मुलगा सांगायला घरी आला, तर दार ठोठावून ठोठावून त्याचे हात दुखले, तेव्हा कुठं यांना जाग आली.

"मला म्हणाला, बाबा गेले आणि तू झोपली होतीस. बस, एवढंच बोलला. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी घर सोडलं. तू लागण्याआधीची गोष्ट, नऊ वर्षं झाली."

"आणि तुम्ही?" माझा आवाज चढला. "शोधलं नाही?"

"शोधलं. दोन वर्षं. सुरत, नाशिक, पुणे. त्याचे मित्र, सगळी चर्चेस. पत्रं टाकली. फोन नंबर त्यानं बदलला." मग त्यांची बोली बदलली. "जे करानं व्हतं ते बठ्ठं करं, चौधरी. मग ओव्हर दिली."

"आणि झोप लागते तुम्हाला?"

"पहिलं वर्ष नाही लागली. मग लागायला लागली."

मला संताप आला. खरंच आला. माझी पोर नऊ वर्षं दिसली नसती तर मी वेडी होऊन रस्त्यानं फिरले असते, आणि ही बाई रोज रात्री दहाला झोपते! त्या मुलाचंही मला चुकीचं वाटेना. देवावर भरवसा म्हणजे आपलं काळीज काढून ठेवणं का? हे मी त्यांना तोंडावर विचारलं.

त्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. म्हणाल्या, "झोप लागते गं. फक्त ते 'पाहिलं नाही' लिहिताना हात अडतो. रोज अडतो."

आम्ही दोघी उठून कामाला लागलो.

त्याच वर्षी, त्यांच्या रिटायरमेंटला तीन-चार महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. मी सकाळच्या ड्युटीवर होते. नऊच्या सुमारास धुळ्याहून गाडी करून एक जोडपं आलं, कडेवर दोन वर्षांची मुलगी. अंग चुलीसारखं तापलेलं. रस्त्यात दोनदा झटके आलेले. डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. त्यांनी पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, "चोवीस तास जड आहेत." मी तिला बेड चारवर घेतलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला.

आई औषधं आणायला खाली पळाली. बाप उभाच होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. मी म्हटलं, "भाऊ, धुळ्यात एवढे दवाखाने असताना इतक्या लांब कशाला आणलंत?"

"इथं नीट बघतात," तो म्हणाला आणि दाराकडे पाहिलं. तो आल्यापासून सारखा दाराकडेच बघत होता.

मी ताप लिहून वळले, तर त्यानं मुलीच्या छातीवर तळहात ठेवला होता आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे. ओठ हलत होते. मी वाट पाहत उभी राहिले. त्यानं पूर्ण एक मिनिट मोजलं. लोक असं मोजत नाहीत. नर्ससुद्धा मोजत नाहीत. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

तो म्हणाला, "आईनं."

मी केसपेपर पुन्हा वाचला. मुलीचं नाव रिया. वडिलांचं नाव दानियल साळवे. मुलीचं नाव आणि आडनाव मीच लिहिलं होतं तासाभरापूर्वी, वडिलांचं नाव खाली काउंटरवर भरलेलं. साळवे काय, गल्लीला दोन असतात, म्हणून डोक्यात काही शिरलंच नव्हतं. आता मात्र माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"त्या दोनला येतात," मी म्हटलं.

"माहीत आहे, खाली विचारलं," तो म्हणाला. "त्यांना सांगू नका मी आलोय म्हणून. म्हणजे, सांगा. कसं सांगायचं ते तुम्हीच बघा." आणि तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

वीस मिनिटं आधी साळवे सिस्टर आल्या. जिन्याच्या बाजूनं आल्यामुळे तो त्यांना दिसला नाही. मला आधी बाजूला घेऊन सांगायचं होतं. पण त्यांनी डायरी उघडली, पेन काढलं आणि म्हणाल्या, "हं, बेड एक." ओव्हरमध्ये क्रम मोडलेला त्यांना चालत नसे. मी आयुष्यात इतकी घाबरून ओव्हर दिलेली नाही. बेड एक झालं. दोन झालं. तीन झालं.

"बेड चार. मुलगी, वय दोन वर्षं. काल संध्याकाळपासून ताप. आज सकाळी दोनदा झटके. पाठीतलं पाणी तपासायला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. ऑक्सिजनवर आहे. सोबत आईवडील." मी केसपेपरवर बोट ठेवलं. "वडिलांचं नाव दानियल साळवे."

पेन थांबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, पेनाकडेच बघत होते. ते कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"ताप किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे तीन."

"पाहिला, की मागचा?"

"पाहिला, सिस्टर."

"हं. बेड पाच."

मी थक्क झाले. बेड पाच! स्वतःची नात चारवर पडलीय, नऊ वर्षांनी पोटचं पोर भिंतीपलीकडे उभं आहे, आणि ही बाई बेड पाच म्हणते! मी कशीबशी दहापर्यंत पोहोचले. त्यांनी एकही प्रश्न गाळला नाही. नंतर त्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धुऊ लागल्या. धुतच राहिल्या. एक थेंब वाया घालवला तर ओरडणारी बाई, त्या खिडकीपाशी डोळे मिटून उभ्या राहिल्या तरी नळ धो धो चालूच होता. मी जाऊन बंद केला. त्यांना ते कळलं नाही.

डोळे उघडून त्या वळल्या, तेव्हा तो वॉर्डाच्या दारात उभा होता.

सिस्टर त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत होत्या. चपला, पँट, शर्टाची बटणं, दाढी. शेवटी म्हणाल्या, "कितला वाळी गया रे भाऊ तू. काही खादं का?"

त्यानं मान हलवली. नाही.

त्या बेड चारपाशी गेल्या. मुलीच्या छातीवर हात ठेवला, घड्याळ वर केलं आणि मिनिटभर मोजलं. तो मागे येऊन उभा राहिला. अगदी लहान आवाजात म्हणाला, "आई, तू झोपणार नाहीस ना?"

मला वाटलं, नाही म्हणा हो. एक शब्द आहे, म्हणून टाका. काय जातं तुमचं?

"माझी ड्युटी आठला संपते," साळवे सिस्टर म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "तुझी संपली, चौधरी. ओव्हर दिलीस ना? घरी जा."

मी गेले. काय करणार? बसमध्ये बसून मी डायरीत लिहिलं. 'बेड चार. साळवे सिस्टर. करायचं ते केलं. ओव्हर दिली.' फोनही केला नाही. पण खोटं कशाला सांगू, झोप काही लागली नाही. मी साळवे सिस्टर नाही. त्या आठला खरंच पर्स उचलून मेहरूणला गेल्या असतील का, आणि गेल्या असतील तर तो मुलगा त्यांना या जन्मात पुन्हा दिसेल का, एवढ्याच विचारानं मी कूस बदलत राहिले.

सकाळी सव्वासातलाच दवाखान्यात पोहोचले. रात्रीची सिस्टर दारातच भेटली. म्हणाली, "बेड चारचा रिपोर्ट आला. मेंदूज्वर नाही. झटके तापामुळेच. पहाटे ताप उतरला, दूध मागितलं."

"आणि साळवे सिस्टर?"

"काय सांगू! आठला मला ओव्हर दिली. युनिफॉर्म बदलून साडी नेसून आल्या, पर्स उचलली, जिन्यापर्यंत गेल्या. मग परत आल्या. सोबतच्या माणसाच्या बाकावर बसल्या. मी म्हटलं, सिस्टर, ओव्हर दिल्यावर थांबायचं नाही ना? तर म्हणाल्या, सिस्टर घरी गेली. मी पोरीची आजी आहे."

मी आत गेले. खिडकीतून ऊन आलं होतं. बेड चारवरची मुलगी गाढ झोपलेली, कपाळावर घाम. तिची आई तिच्या पायाशी खुर्चीत. लॉकरवर सिस्टरांची डायरी उघडी होती. या वेळी मी वाचायची म्हणून वाचली. बेड दहाच्या खाली, नेहमीच्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं :

'दानियल. पाहिलं. वजन कमी झालंय. उजव्या हाताला जुनं भाजल्याचा डाग, विचारलं नाही. दोन पोळ्या खाल्ल्या. ओव्हर दिली.'

आणि साळवे सिस्टर बाकावर आडव्या, पाय पोटाशी घेतलेले, तोंड उघडं, बारीक घोरत होत्या. अंगावर पुरुषी जाकीट पांघरलेलं होतं. दानियल त्यांच्या उशाशी स्टुलावर बसला होता. डोळे लाल, एक हात मुलीच्या छातीवर, दुसऱ्या मनगटावर घड्याळ.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तशी त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"आई झोपलीय," तो म्हणाला. "उठवू नका."